दुय्यम भूमिकेचे भागधेय : पीटर लोरे

ई. एम. फॉर्स्टरने १९२७ साली कादंबरीतील पात्रांची 'सपाट' आणि 'गोलाकार' अशी विभागणी केली. सपाटपणा हा पात्राचा गुण असतो की त्याला दिलेल्या जागेचा, हा प्रश्न हॉलिवूडमधील चरित्र-अभिनेत्यांच्या संदर्भात अधिक तीव्र होतो. पीटर लोरे (१९०४-१९६४) याची कारकीर्द या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीतील ज्यू कुटुंबात जन्मलेल्या लोरेने १९३१ साली बर्लिनमध्ये ब्रेख्तच्या 'मान इस्ट मान' या नाटकात हमालाची भूमिका केली. माणसाचे सुटे भाग करून त्यांतून दुसराच माणूस जोडता येतो, हे त्या नाटकाचे प्रमेय. लोरेच्या तुटक अभिनयावर आक्षेप आले, तेव्हा ब्रेख्तने वृत्तपत्रातून त्याचे समर्थन केले. त्याच वर्षी फ्रिट्झ लांगच्या 'एम' या चित्रपटात तो बालकांचा खुनी झाला. अखेरच्या कबुलीजबाबात किळस आणि करुणा यांना वेगळे करणे त्याने अशक्य करून टाकले.

१९३३ साली त्याने जर्मनी सोडली. पुढे १९४० साली 'डेअर एविगे यूडे' या नाझी प्रचारपटात तोच कबुलीजबाब ज्यूंविरुद्धचा 'पुरावा' म्हणून जोडण्यात आला. भूमिका नटावरच उलटली.

हॉलिवूडने हेच सौम्यपणे केले. १९३७ ते १९३९ या काळात तो आठ चित्रपटांत मिस्टर मोटो हा जपानी गुप्तहेर झाला. 'कॅसाब्लांका'त (१९४२) तो निर्वासितांना परवाने विकणारा उगार्ते आहे. त्याने मिळवलेल्या कागदपत्रांवर सारे कथानक उभे आहे. तो स्वतः मात्र आरंभीच संपतो. स्वतः निर्वासित असलेल्या या नटाला निर्वासितांच्या कथेत एवढीच जागा मिळाली.

१९५१ साली जर्मनीत परतून त्याने 'डेअर फेरलोरेने' दिग्दर्शित केला आणि त्यात प्रमुख भूमिकाही केली. आपल्या वाग्दत्त वधूचा खून करणारा शास्त्रज्ञ आणि तो खून दडपणारी नाझी राजवट, असा त्याचा विषय. व्यक्तीचा अपराध आणि राज्यसंस्थेचा अपराध त्याने समोरासमोर आणले. जर्मन प्रेक्षकांनी पाठ फिरवली. दिग्दर्शक म्हणून त्याचा हा एकमेव चित्रपट ठरला. लोरे अमेरिकेतील जुन्या साच्याकडे परतला. 'द रेव्हन'मध्ये (१९६३) तर त्याने त्या साच्याचीच थट्टा केली.

ब्रेख्तच्या नाटकातील हमालाचे जे झाले, तेच त्या नटाचे झाले. फरक एवढाच, की नाटकात ही मोडतोड प्रेक्षकाला दाखवली जात होती. हॉलिवूडमध्ये ती नटाचा 'स्वभाव' म्हणून खपली. दुय्यम पात्राला सपाट म्हणण्यापूर्वी समीक्षेने हा फरक ध्यानात घ्यायला हवा.