‘कुठून आणलेस?’ या प्रश्नाचा इतिहास

बेहाला हे कोलकात्याच्या नैर्ऋत्येचे, डायमंड हार्बर मार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेले उपनगर. काही दिवसांपूर्वी येथील एका शाळेच्या सभागृहात भरलेल्या प्रशिक्षण वर्गास मी उपस्थित होतो. किशोरवयीन मुले व्यसनाकडे वळू नयेत यासाठी शिक्षकांनी, अंगणवाडी सेविकांनी आणि पाड्यातील क्लबांच्या कार्यकर्त्यांनी काय करावे, हा विषय होता. (बंगाली ‘पाडा’ म्हणजे आपली आळी.) प्रशिक्षिकेने आरंभीच विचारले, “नशा करणारा मुलगा स्वतःहून तुमच्यासमोर येऊन उभा राहिला, तर तुमचे पहिले वाक्य कोणते असेल?” सभागृहात शांतता पसरली. प्रशासनात आयुष्य घालवलेला मी उत्स्फूर्तपणे उत्तरलो, “कुठून आणलेस?”

काही जण हसले. प्रशिक्षिका मात्र हसल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, “मग तो पुन्हा येणार नाही.”

घरी परतताना ते वाक्य मनातून जाईना. माझ्या तोंडी तोच प्रश्न का आला असावा? विचार करता लक्षात आले की, तो प्रश्न माझा एकट्याचा नव्हता. ज्या व्यवस्थेत मी वाढलो, तिला दोनशे वर्षे हेच विचारण्याचे शिक्षण मिळाले आहे. आणि त्या शिक्षणाची पहिली शाळा भरली ती याच शहरात.

बेहाल्यातील बडिशा येथे सावर्ण रायचौधुरी घराण्याची जुनी आटचाला आहे. १६९८ मध्ये सुतानुटी, गोविंदपूर व कलिकाता या तीन गावांचे हक्क ईस्ट इंडिया कंपनीला तेराशे रुपयांना मिळाले, तो व्यवहार याच वास्तूत झाला असे सांगितले जाते. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, १७७३ मध्ये, वॉरन हेस्टिंग्जने बंगाल-बिहारमधील अफूच्या खरेदीची मक्तेदारी कंपनीकडे घेतली. बिहार व बनारसकडील शेतकऱ्याने उचल घ्यायची, अफू पिकवायची आणि ठरलेल्या दराने सरकारलाच द्यायची. पाटणा व गाझीपूर येथील कारखान्यांत तिचे गोळे वळले जात, चाळीस गोळ्यांची एक पेटी होई, आणि त्या पेट्यांचा लिलाव कलकत्त्यात होई. लिलावात घेतलेला माल व्यापाऱ्यांच्या जहाजांतून हुगळीमार्गे, डायमंड हार्बरवरून, चीनकडे जाई.

यात केवळ बंगालचाच वाटा होता असे आपण मराठी माणसांनी समजू नये. शिंदे-होळकरांच्या माळव्यातील अफू मुंबई बंदरातून बाहेर पडे आणि तिच्या प्रत्येक पेटीवर कंपनी सरकार परवाना शुल्क घेई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश हिंदुस्थानच्या महसुलाचा सुमारे सातवा हिस्सा एकट्या अफूतून येत होता.

अशा राज्यात अधिकाऱ्याला कोणते प्रशिक्षण मिळणार? वजन करणे, प्रत ठरवणे, मोहोर लावणे, चोरटा माल पकडणे. ‘कुठून आणलेस’ आणि ‘किती आणलेस’ हे दोन प्रश्न म्हणजे त्याच्या विद्येचे सार होते. माल सरकारी नसेल तर तो गुन्हा. माल सरकारी असेल तर तो महसूल. ओढणाऱ्या माणसाचे काय होते, हा प्रश्न त्या वहीत कोणत्याही रकान्यात बसत नव्हता.

तो प्रश्न कोणी विचारलाच नाही असे मात्र नाही. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी शहरातील दारूच्या दुकानांना लेखी विरोध नोंदवला होता. १८९३ मध्ये विलायतेतील जनमताच्या रेट्यामुळे सरकारला दोन चौकश्या नेमाव्या लागल्या: एक अफूविषयी, दुसरी गांजा-भांगेविषयी. गांजाविषयक आयोगाने ११९३ साक्षीदारांकडून माहिती घेऊन सात खंडांचा अहवाल दिला. परिश्रमाच्या दृष्टीने तो आजही थक्क करतो. पण दोन्ही चौकश्यांचा निष्कर्ष एकच: बंदीची आवश्यकता नाही, कर आणि नियंत्रण पुरेसे आहे. ‘लहान मुलाला यापासून दूर कसे ठेवावे’ हा त्यांचा विषयच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ४७व्या अनुच्छेदाने मादक द्रव्यांना आळा घालणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला. ध्येय बदलले, पण कचेरीतील हात तेच राहिले. महाराष्ट्रात ‘दारूबंदी व उत्पादन शुल्क’ असे जोडनाव असलेले खाते अनेक वर्षे नांदले. एकाच पाटीवर बंदी आणि वसुली! मद्यावरील शुल्क हे आजही बहुतेक राज्यांच्या उत्पन्नाचे मोठे साधन आहे. अफूचे गोळे गेले, तरी वहीचे रकाने फारसे बदलले नाहीत.

१९८०च्या दशकात ब्राउन शुगर आली. मुंबई-पुण्यात तिला ‘गर्द’ म्हणत. १९८५ मध्ये अमली पदार्थांविषयीचा कठोर केंद्रीय कायदा झाला. व्यसनाधीन व्यक्तीने स्वेच्छेने उपचार घेतल्यास खटल्यातून सूट देणारी तरतूदही त्यात पुढे आली. पण ठाण्यातील सामान्य शिपायाला जप्तीचा पंचनामा जितका पाठ असतो, तितकी ती तरतूद पाठ नसते.

याच काळात एक वेगळी पाठशाळा सुरू झाली. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्याविषयी लिहिले. त्यांच्या पत्नी, मनोविकारतज्ज्ञ डॉ. सुनंदा (अनिता) अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ उभे केले. येथे आलेल्या माणसाला आरोपी न मानता रुग्ण मानले गेले, आणि रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही बसवून बोलते केले गेले. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसे पुढे तेथेच कार्यकर्ते झाली. पुढे या संस्थेने इतरांना शिकवण्याचे कामही हाती घेतले. ऐकून घेणे हेही एक कौशल्य आहे, ते शिकवता येते, ही जाणीव आपल्याकडे रुजवण्यात तिचा मोठा वाटा आहे.

तरीही प्रतिबंध आणि उपचार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रतिबंधाच्या नावाखाली आपण बहुधा काय करतो? २६ जूनला मिरवणूक, कवटीचे चित्र, अधिकाऱ्याचे भाषण. अशी भाषणे मीही केली आहेत आणि टाळ्याही घेतल्या आहेत. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित कार्यालयाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेले, आणि २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसह सुधारलेले प्रतिबंधाचे निकष स्पष्ट सांगतात की, केवळ भीती घालणारी, एकतर्फी व्याख्याने परिणामकारक ठरत नाहीत. उपयोगी पडतात ती जीवनकौशल्ये शिकवणारी, मुलांना बोलते करणारी आणि मालिकेने चालणारी सत्रे. पालकांची जागरूक माया. आणि प्रशिक्षित शिक्षक.

आइसलँडचे उदाहरण वर्गात सांगितले गेले. १९९८ मध्ये तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागील महिन्यात एकदा तरी नशेत बुडाली होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. तेथे पालकांनी संध्याकाळचा वेळ मुलांना दिला, नगरपालिकांनी खेळ व संगीताचा खर्च उचलला, आणि दरवर्षी मुलांनाच विचारून धोरण सुधारले.

आपल्याकडील प्रश्नाचे स्वरूप २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातून दिसले. हुंगून नशा करण्याचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर लहान व किशोरवयीन मुलांत १.१७ टक्के आढळले. नशेच्या अन्य बहुतेक पदार्थांत प्रौढ पुढे असतात. येथे मुले पुढे आहेत. चिकटवण्याचा डिंक, खोडद्रव, पातळ करण्याची द्रावणे या वस्तू अमली पदार्थांच्या कायद्यातील यादीत नाहीत. म्हणजे ज्या नशेत मुले प्रौढांहून अधिक सापडतात, तेथे ‘कुठून आणलेस’ या प्रश्नाचे उत्तर ‘कोपऱ्यावरच्या दुकानातून’ असे असते, आणि तेवढ्यावर आमची सारी विद्या संपते. तेथे कामास येतो तो दुकानदाराचा विवेक, शिक्षिकेची नजर आणि क्लबातील दादाचा जिव्हाळा.

बेहाल्याला या बाबतीत एक मोठी देणगी आहे. दुर्गापूजेसाठी झटणारे येथील क्लब म्हणजे आपल्या गणेश मंडळांचे भाऊबंद. शेकडो मुले त्यांच्या अंगणात वाढतात. हीच मंडळे मुलाला पहिला घोट देऊ शकतात आणि हीच त्याला त्यापासून वाचवूही शकतात. कोणते घडेल, हे तेथील वडीलधाऱ्यांच्या शिक्षणावर अवलंबून आहे. परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या मंडळांनाही हे लागू आहे. घरापासून दूर वाढणाऱ्या मुलाला आजी-आजोबांचा, आत्या-मावशीचा शेजार नसतो. ती जागा मंडळानेच भरावयाची असते.

वर्ग संपताना मी प्रशिक्षिकेला विचारले, “मग योग्य पहिले वाक्य कोणते?” त्या म्हणाल्या, “एकच एक असे नाही. पण मी बहुधा विचारते, ‘जेवलास का?’ ”

बंगालात परस्परांची विचारपूस बहुधा याच प्रश्नाने होते. आपल्याकडेही दारी आलेल्याला आपण दुसरे काय विचारतो? दोनशे वर्षे मालाचा हिशेब ठेवणाऱ्या शासनाला आता माणसाची चौकशी करणे शिकायचे आहे. वयाच्या या टप्प्यावर मी तो धडा गिरवू लागलो आहे. असो.