पोटातली दुर्बीण

बारामती-इंदापूरकडे कुणाची एंडोस्कोपी झाली, की घरचे सांगतात, ‘पोटात दुर्बीण घातली.’ लॅप्रोस्कोपीलाही हाच शब्द. पण तिथे पोटाला भोकं पाडावी लागतात. इथे नळी तोंडातून उतरते, कातडीवर ओरखडाही उठत नाही. शब्द फारसी, अर्थ दूरचं पाहणारी. या दुर्बिणीने नुसतं पाहण्यावर न थांबता जठरातली मोठी गाठही अख्खी काढावी, इथवर यायला सव्वाशेहून अधिक वर्षं गेली.

1868 साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गला अडॉल्फ कुसमाउल यांनी तलवार गिळणाऱ्या एका कसरतपटूच्या घशातून ताठ नळी जठरात घातली. नळी पोचली, पुरेसा उजेड पोचला नाही. नळीच्या ताठपणाची अडचण पुढे काचेने सोडवली. पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी आणि हॅरल्ड हॉपकिन्स यांनी 1954 मध्ये बारीक काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेलं. त्या धाग्यावरून अमेरिकेत बेसिल हिर्शोविट्झ यांनी वाकणारी दुर्बीण घडवली आणि 1957 मध्ये ती आधी स्वतःच गिळली.

पुढचं काम मुख्यतः जपानचं. जठराच्या कॅन्सरने तिथे माणसं फार दगावत, म्हणून तो लवकर हुडकायचा ध्यासच त्यांनी घेतला. पण सापडलेला नखाएवढा डाग काढायचा कसा? तारेचा फास टाकून कापत. दोन सेंटिमीटरच्या पुढचा डाग फासात मावेना. तुकडे होत, कडेला काही उरलं का ते कळत नसे.

त्यावरचा तोडगा या साऱ्या कथेतला सर्वांत देखणा भाग आहे. डागाखाली सुईने मिठाचं पाणी सोडायचं. अस्तर फोडासारखं टम्म फुगतं, खालच्या स्नायूपासून वर उचललं जातं. मग भोवती गोल काप घ्यायचा आणि खालून हळूहळू सोलत अख्खा डाग एकसंध काढायचा. 1990 च्या दशकात टोकियोच्या राष्ट्रीय कॅन्सर केंद्रातल्या डॉक्टरांनी विजेच्या सुरीच्या टोकाला सिरॅमिकचा मणी बसवला. टोक कापेनासं झालं आणि जठराला भोक पडायची धास्ती कमी झाली. ही सगळी पद्धत म्हणजे ईएसडी (एंडोस्कोपिक सबम्यूकोझल डिसेक्शन).

पुण्यात दीनानाथ मंगेशकर रुग्णालयातले डॉ. अमोल बापये दुर्बिणीच्या अशा शस्त्रक्रियांसाठी ओळखले जातात. बारामतीहून पुणे शंभरेक किलोमीटर, इंदापूरहून त्याहून लांब. तरी खरी अडचण अंतराची नाही, उशिराची आहे. कॅन्सर अस्तरातच असेल तोवर ईएसडी चालते. खोल गेला, की मोठी शस्त्रक्रिया आणि अनेकदा केमोही. आणि आपल्याकडे मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी आणून महिने काढले जातात.

बारामतीत 2019 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, म्हणजे नुसतं दाखवायला पुणं गाठायला नको. अपचन हटत नसेल, वजन उतरत असेल, शौच डांबरासारखी काळी होत असेल, तर गोळ्यांवर दिवस ढकलू नका. डॉक्टरांना गाठा आणि दुर्बीण घालावी का, हे स्वतःहून विचारा.