मूत्रपरीक्षा आणि मूत्राशयाचा कर्करोग

मूत्रावरून रोग ओळखण्याची विद्या आपल्या देशांत पुरातन आहे. चरक-सुश्रुतांनीं प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले. योगरत्नाकरांत तर मूत्रावर तेलाचा थेंब सोडून रोग साध्य कीं असाध्य हें ठरविण्याची रीत दिलेली आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या कारणांचा शोध मात्र रंगाच्या कारखान्यांत लागला.

१८९५ सालीं फ्रँकफुर्टचे शस्त्रवैद्य लुडविग रेन यांस फुक्सीन नांवाचा किरमिजी रंग बनविणाऱ्या ४५ कामगारांपैकीं तिघांना हा रोग झालेला आढळला. पुढें १९३८ सालीं अमेरिकेंत ह्यूपर यांनीं रंगांच्या धंद्यांतील बीटा-नॅफ्थिलामाइन हें रसायन कुत्र्यांस देऊन तोच रोग उत्पन्न करून दाखविला.

विष शिरतें त्वचेंतून व श्वासांतून. मग रोग मूत्राशयालाच कां व्हावा? यकृत अशा विषांची ग्लुक्युरॉनिक आम्लाशीं गांठ घालून त्यांना निरुपद्रवी करतें व मूत्रावाटे बाहेर धाडतें. ही गांठ सोडविणारें एक विकर, म्हणजे एन्झाइम, मूत्रांत असतें. त्याचें नांव बीटा-ग्लुक्युरॉनिडेज. १९५५ सालीं लंडनचे बॉइलंड, वॉलेस व विल्यम्स यांनीं या रोग्यांच्या मूत्रांत तें अधिक प्रमाणांत आढळल्याचें प्रसिद्ध केलें. बांधलेलें विष मूत्राशयांतच मोकळें होत असावें, असा तर्क त्यामुळें बळावला. आणि रोगाची खूणही हातीं आली, अशी आशा वाटूं लागली.

ती आशा पुरती फळास आली नाहीं. मूत्रमार्गाला साधी सूज आली तरी हें विकर वाढतें. १९६२ सालीं वॅकर व डॉर्फमन यांनीं लॅक्टिक डीहायड्रोजिनेज या दुसऱ्या विकराकडे लक्ष वेधलें. पण तेंही मूत्रपिंडाच्या इतर विकारांत वाढतें. पुढें टेलोमरेजची परीक्षा निघाली, तिलाही दाहाचा अडथळा आला. निरोग्यास भय घालणारी आणि रोग्यास खोटा दिलासा देणारी परीक्षा एकटी विश्वासार्ह कशी ठरावी? पापानिकोलाऊ व मार्शल यांनीं १९४५ सालीं मूत्रांतील पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्याची जी पद्धत मांडली, ती आजही उपयोगी आहे. परंतु सौम्य गांठी तिलाही पुष्कळदां चुकवितात. म्हणून निट्झे यांनीं १८७९ सालीं व्हिएन्नांत दाखविलेल्या दुर्बिणीचे सुधारलेले वंशजच मूत्राशयांत घालून निर्णय करावा लागतो.

महाराष्ट्रांत या रोगाच्या शास्त्रीय अभ्यासास परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा मोठा आधार मिळाला. तें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं वाहिली. १९५२ सालीं भारतीय कर्करोग संशोधन केंद्रही उभें राहिलें.

गगनबावड्यासारख्या घाटमाथ्यावरील गांवाचा विचार केला म्हणजे या शोधाचें मोल कळतें. तेथून कोल्हापूर सुमारें ५५ किलोमीटर, आणि मुंबई त्याहून कितीतरी दूर. दुर्बिणीपर्यंत रोग्याला जावें लागतें. मूत्राची बाटली मात्र त्याच्याऐवजीं प्रवास करूं शकते. निर्णायक मूत्रपरीक्षेचा शोध चालू आहे तो यासाठींच. तोंवर वेदना नसतांना लघवी लाल झाली, मग ती एकदांच कां होईना, तरी वैद्याकडे जाण्यास विलंब करूं नये. आणि बीटा-नॅफ्थिलामाइन तंबाखूच्या धुरांतही असतें, हें विडी ओढणाऱ्यानें विसरूं नये.