कामगार नुकसानभरपाई (ठाणे–डोंबिवली पट्टा)

कामावर असताना झालेली इजा, कामामुळे जडलेला आजार किंवा मृत्यू यांबद्दल कामगाराला अथवा त्याच्या वारसांना कायद्याने मिळणारी रक्कम. चूक कोणाची, हे इथे सहसा पाहिले जात नाही. इजा कामामुळे आणि काम चालू असताना झाली, एवढे दाखवले की पुरते. ही रक्कम मालकाची मेहरबानी नव्हे आणि सरकारी मदतही नव्हे. या पट्ट्यात गोंधळ होतो तो बहुतेक इथेच.

या पट्ट्यातली कोपरी ही ठाणे स्थानकाच्या पूर्वेची, रेल्वे आणि खाडी यांच्या मधली वस्ती. इथला कामगार पूल ओलांडून वागळे इस्टेटीत जातो, नाहीतर लोकल पकडून डोंबिवली एमआयडीसी किंवा ठाणे–बेलापूर पट्टा गाठतो. अपघात कुठेही होवो, त्याचा दावा दोन वाटांपैकी एकीने जातो आणि वाट निवडणे त्याच्या हातात नसते. खाली दिलेली कलमे जुन्या दोन कायद्यांची आहेत; ते 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहेत.

पहिली वाट 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याची, म्हणजे बोलीतल्या ‘ईएसआय’ची. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यात, महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार या योजनेत येतो. जुलै 2019 पासून मालक पगाराच्या 3.25 टक्के आणि कामगार 0.75 टक्के वर्गणी भरतो. कामावरच्या इजेसाठी वर्गणी किती महिने भरली याची अट नाही. पहिल्या दिवशी हात अडकला तरी हक्क पूर्ण. उपचार योजनेच्या दवाखान्यात होतात. वागळे इस्टेटीतले कामगार रुग्णालय हे त्यांपैकी या भागातले सर्वांत ओळखीचे ठिकाण. बरे होईपर्यंत सरासरी रोजच्या वेतनाच्या 90 टक्के मिळतात, कायमचे अपंगत्व आले तर वैद्यकीय मंडळाने ठरवलेल्या टक्केवारीनुसार आजन्म मासिक रक्कम. कामगार दगावला तर तीच 90 टक्के रक्कम विधवा, मुले यांच्यात ठरलेल्या हिश्शांनी वाटली जाते. एकदा या योजनेत आलात की 53 व्या कलमाने मालकाकडून दुसरी भरपाई मागता येत नाही.

दुसरी वाट 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याची. तो 1 जुलै 1924 पासून लागू झाला आणि 2010 मध्ये त्याच्या नावातला ‘वर्कमन’ जाऊन ‘एम्प्लॉयी’ आला. विमा योजनेबाहेरच्यांसाठी तो आहे. त्याची रक्कम न्यायाधीशाच्या मर्जीवर नाही, गुणाकारावर ठरते. मृत्यू झाल्यास मासिक पगाराच्या 50 टक्के गुणिले वयाचा गुणक. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास 60 टक्के गुणिले तोच गुणक. वय वाढेल तसा गुणक उतरतो: तिसाव्या वर्षी 207.98, चाळिसाव्या वर्षी 184.17, पन्नासाव्या वर्षी 153.09. पगार कितीही असो, जानेवारी 2020 पासून हिशेबात 15,000 पर्यंतच धरला जातो.

वागळेतल्या एखाद्या शेडमधला पॉवर प्रेसवरचा तीस वर्षांचा कामगार घ्या. पगार 24,000. प्रेसखाली उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली. परिशिष्टात तर्जनीचे 14 टक्के, अंगठ्याचे 30 टक्के, एका डोळ्याचे 40 टक्के असा दर ठरलेला आहे. 15,000 च्या 60 टक्के म्हणजे 9,000; गुणिले 207.98 म्हणजे 18,71,820. त्याचे 14 टक्के सुमारे 2,62,055 रुपये. अंगठा गेला असता तर 5,61,546. हाच माणूस 20,000 वर असता तर ईएसआयमध्ये राहिला असता आणि पूर्ण पगारावर, जन्मभर चालणारी मासिक रक्कम त्याला मिळाली असती. पगारवाढीने तो योजनेतून बाहेर पडला आणि 15,000 च्या कमाल मर्यादेखाली आला. ही विसंगती कोणत्याही सुधारणेने नीट सोडवलेली नाही.

अर्थात टक्केवारी म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. प्रताप नारायण सिंग देव खटल्यात (1975) डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या सुताराला सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण अपंगत्व मानले, कारण एका हाताने सुतारकी होत नाही. डॉक्टरांचा टक्का शरीराचा असतो, दाव्यातला टक्का कमाईचा. ज्या वकिलाला हा फरक मांडता येतो त्याचा दावा वेगळा उभा राहतो.

मालकाकडे बचाव तीन: कामगार दारूच्या नशेत होता, त्याने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला, किंवा यंत्राचे गार्ड मुद्दाम काढले. पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास हे तिन्ही बचाव चालत नाहीत. ‘माणूस ठेकेदाराचा, आमचा नाही’ हे उत्तरही बारावे कलम मोडून काढते: मूळ मालकाने पैसे द्यायचे आणि ठेकेदाराकडून वसूल करायचे. हक्क सोडल्याचा कागद सही-अंगठ्यासकट असला तरी सतराव्या कलमाने तो बाद. मृत्यूची रक्कम मालकाला नुकसानभरपाई आयुक्ताकडेच जमा करावी लागते. घरी जाऊन विधवेच्या हातात दिलेले पाकीट भरपाई म्हणून धरले जात नाही. महिन्याभरात पैसे न भरल्यास 12 टक्के व्याज, आणि समर्थनीय कारण नसल्यास रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. महाराष्ट्रात आयुक्ताचे काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश पाहतात, ठाण्यातही तसेच. दावा लावायची मुदत दोन वर्षांची.

प्रत्यक्षात भांडण कायद्यावर होत नाही, कागदावर होते. पगार रोखीत दिलेला, स्लिप नाही, हजेरी मुकादमाच्या वहीत, वय आधार कार्डावर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे. अपघातानंतर दोन दिवसांनी केलेली विमा नोंदणी तर तारखेवरूनच बोलते. त्यामुळे अपघात वहीतली नोंद, दवाखान्याचा पहिला कागद आणि सोबत काम करणाऱ्याची साक्ष यांना रकमेइतकेच मोल आहे. नोंदणीच केली नसेल तर ईएसआय महामंडळ कामगाराला लाभ देऊन मालकाकडून वसुली करू शकते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

डोंबिवलीत एमआयडीसीच्या फेज दोनमध्ये 26 मे 2016 रोजी प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये आणि 23 मे 2024 रोजी अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाले. दोन्ही वेळा आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या, कंपनीबाहेरचे लोकही जखमी झाले. 2024 मध्ये राज्य सरकारने मृतांच्या वारसांना पाच लाख जाहीर केले. बातमीत ‘भरपाई’ म्हणून छापली जाणारी ही रक्कम सानुग्रह मदत असते. ती मिळाली म्हणून मालकावरचा दावा संपत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या जखमीला मात्र हे दोन्ही कायदे लागू नाहीत, त्याला दिवाणी दावा किंवा हरित न्यायाधिकरण गाठावे लागते. सप्टेंबर 2023 मध्ये बाळकुमच्या बांधकामावर लिफ्ट कोसळून सात मजूर गेले. अशा बांधकाम मजुरांसाठी बांधकाम कामगार मंडळाची पाच लाखांची योजना आहे, पण मंडळात नाव नोंदलेले असले तरच.

छोटे मालक ‘डब्ल्यूसी पॉलिसी’, म्हणजे या भरपाईचा विमा, घेतात. ती 1923 च्या कायद्याने सक्तीची नव्हती. हप्ता जाहीर केलेल्या पगारावर ठरतो, म्हणून पगार कमी दाखवण्याचा मोह होतो आणि दाव्याच्या वेळी तोच अंगलट येतो. उशिराचा दंड विमा कंपनी भरत नाही, तो मालकाच्याच खिशातून जातो. कंपनीला व्याजही करारातून वगळता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये म्हटले आहे.

लोकलच्या गर्दीत कामावर जाताना झालेला अपघात कामावरचा का? 1963 मध्ये बेस्टच्या एका ड्रायव्हरच्या विधवेच्या बाजूने निकाल लागला: ड्यूटी संपवून तो बेस्टच्याच बसने घरी निघाला होता. 1996 मध्ये कारखान्यापासून थोड्या अंतरावर सायकलला लॉरीने उडवलेल्या फ्रान्सिस डिकॉस्टाला ईएसआयचा लाभ नाकारला गेला. 2010 च्या दुरुस्तीने ईएसआयपुरता हा प्रवास आत आला. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने दोन्ही जुने कायदे आपल्यात घेतले आणि ये-जा करतानाचा अपघात, वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दाखवता आला तर, मालकाच्या भरपाईतही आणला. आधीच्या अपघातांचे हक्क जुन्याच कायद्याने ठरतात. कामगाराच्या बिहार-उत्तर प्रदेशातल्या वारसांना 1923 च्या कायद्याखाली आपल्या गावच्या आयुक्ताकडेही दावा लावता येतो. त्यासाठी ठाण्याच्या फेऱ्या मारायची गरज नाही.