एकाच नावाच्या दोन वास्तू

लंडन शहराच्या मध्यवस्तीत ‘सेंटर पॉइंट’ हे नाव दोन वास्तूंशी जोडले गेले आहे. पहिली वास्तू म्हणजे कचेऱ्यांसाठी उभारलेला सुमारे ११७ मीटर उंचीचा काँक्रीटचा मनोरा. तो १९६६ साली बांधून पूर्ण झाला आणि त्यानंतर जवळजवळ दशकभर रिकामाच उभा राहिला. दुसरी वास्तू म्हणजे तेथून थोड्याच अंतरावर, सोहो भागात, एका चर्चच्या घराचे तळघर. तेथे १९६९ च्या डिसेंबरात बेघर तरुणांना रात्रीचा निवारा मिळू लागला. तळघराने मनोऱ्याचे नाव घेतले ते योगायोगाने नव्हे, जाणूनबुजून घेतले. ह्या दोन वास्तूंची हकिगत एकमेकींशेजारी ठेवून वाचावी, असे आम्हांस वाटते; कारण घर, जमीन आणि पैसा ह्यांविषयीचे जे प्रश्न आज आपल्या उंबरठ्याशी आले आहेत, ते तेथे अर्धशतकापूर्वीच उघडपणे विचारले गेले होते.

प्रथम त्या जागेविषयी. ऑक्सफर्ड स्ट्रीट, टॉटनहॅम कोर्ट रोड आणि चेअरिंग क्रॉस रोड हे रस्ते जेथे मिळतात त्या चौकाला सेंट जाइल्स सर्कस म्हणतात. संत जाइल्स हे अपंगांचे आणि कुष्ठरोग्यांचे आश्रयदाते संत. पहिल्या हेन्री राजाची पत्नी राणी मटिल्डा हिने ११०१ च्या सुमारास, शहराच्या वेशीबाहेर, कुष्ठरोग्यांसाठी येथे रुग्णालय स्थापन केले. पुढे त्याच ठिकाणी सेंट जाइल्स-इन-द-फील्ड्स हे चर्च उभे राहिले. आयर्लंडमधील आर्माचे आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट ह्यांना १ जुलै १६८१ रोजी टायबर्न येथे देहदंड दिल्यावर त्यांचे पार्थिव प्रथम ह्याच चर्चच्या आवारात पुरले गेले. त्यांना पोप पॉल सहावे ह्यांनी १९७५ साली संतपद बहाल केले.

पुढील काळात सेंट जाइल्सची वस्ती म्हणजे लंडनमधील दारिद्र्याचे आगर झाली. आयर्लंडहून पोट भरण्यासाठी आलेली कुटुंबे तेथील तळघरांत दाटीवाटीने राहत. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी शेजारच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यातील प्रचंड पिंप फुटले आणि मद्याचा लोंढा ह्या तळघरांत शिरला. आठ जण प्राणास मुकले. त्यांपैकी काही जण एका लहानग्या आयरिश मुलाच्या मृतदेहाशेजारी जागरणासाठी जमले होते. १८४० च्या दशकात न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीट हा रुंद रस्ता ह्या वस्तीतून काढण्यात आला. घरे पडली, राहणाऱ्यांची पर्यायी सोय मात्र कोणी केली नाही. ते शेजारच्या गल्ल्यांत आणखी दाटीने राहू लागले. रस्त्यासाठी गरीब हटविण्याची ही रीत पुढल्या शतकात वेगळ्या रूपाने परतली.

दुसऱ्या महायुद्धात लंडनची अपरिमित हानी झाली होती. बांधकामावरील परवान्यांची सक्ती १९५४ मध्ये उठली आणि कचेऱ्यांच्या इमारतींचा धंदा जोरात सुरू झाला. त्या सुमारास लंडन काउंटी कौन्सिलला सेंट जाइल्सच्या चौकात वाहनांसाठी वर्तुळाकार रस्ता करावयाचा होता. परंतु जमिनीचे तुकडे अनेकांच्या मालकीचे होते आणि कायद्याने देऊ केलेल्या भरपाईस सर्व मालक राजी होईनात. तेव्हा हॅरी हायम्स हे इमारतधंद्यातील व्यावसायिक पुढे आले. त्यांच्या ओल्डहॅम इस्टेट्स ह्या कंपनीने ते तुकडे विकत घेतले आणि रस्त्याला लागणारी जमीन कौन्सिलच्या हवाली केली. त्या बदल्यात कौन्सिलने एरवी दिली नसती एवढ्या उंचीची परवानगी दिली, आणि १५० वर्षांचा भाडेपट्टा दरसाल १८,५०० पौंड ह्या कायमच्या दराने करून दिला. कौन्सिलला पदरचा पैसा न घालता रस्ता मिळणार होता, व्यावसायिकास मनोरा मिळणार होता. दोन्ही पक्षांना सौदा फायद्याचा वाटला.

मनोऱ्याचा आराखडा रिचर्ड सायफर्ट ह्यांच्या कचेरीत तयार झाला. त्यात जॉर्ज मार्श ह्यांचा वाटा मोठा होता. काँक्रीटचे भाग आधीच साच्यात ओतून घ्यावयाचे आणि यारीने उचलून एकावर एक बसवावयाचे, अशी बांधणीची पद्धत होती; त्यामुळे बाहेरून पहाड बांधण्याची गरजच पडली नाही. खर्च सुमारे ३५ लाख पौंड आला. अनेक टीकाकारांना ही इमारत बटबटीत वाटली, काहींना तिच्या नक्षीदार दर्शनी भागात आधुनिक वास्तुकलेचा उमदेपणा दिसला. बांधकामाचे कौशल्य मात्र वादातीत होते.

ज्या रस्त्यासाठी हा सगळा सौदा झाला, त्याची गत मात्र विचित्र झाली. इमारत पुरी होईपर्यंत त्या भागातील वाहतूक एकदिशा करण्यात आली होती. वर्तुळाची गरजच उरली नाही. सार्वजनिक हिताचे जे कारण दाखवून असाधारण परवानगी दिली गेली, ते कारण नाहीसे झाले. परवानगी आणि मनोरा तेवढे मागे राहिले.

आता वाचकांच्या मनात साहजिकच प्रश्न येईल, की एवढी खर्चिक इमारत रिकामी ठेवून मालकाचा तोटा होत नव्हता काय? ह्याचे उत्तर त्या काळच्या हिशेबात आहे. नोव्हेंबर १९६४ मध्ये मंत्री जॉर्ज ब्राउन ह्यांनी लंडनमध्ये नव्या कचेऱ्या बांधण्यावर बंदी घातली. हेतू असा, की उद्योग राजधानीबाहेर जावेत. परंतु नव्या इमारती थांबताच, आधी परवानगी मिळालेल्या इमारतींचे मोल झपाट्याने वाढू लागले. आज भाडेकरू ठेवला तर आजच्या दराने दीर्घ मुदतीचा करार करावा लागणार. थांबले तर उद्याचे भाडे अधिक, आणि त्या अपेक्षित भाड्यावरून इमारतीची किंमतही अधिक. मिळालेल्या भाड्यावर कर होता. कागदावर वाढणाऱ्या किमतीवर, विक्री होईपर्यंत, कर नव्हता. रिकाम्या इमारतीवरील घरपट्टीचा भारही हलका होता. १९७३ च्या सुमारास ह्या मनोऱ्याची किंमत दोन कोटी पौंडांच्या घरात गेल्याचे सांगितले जात असे. संपूर्ण इमारत एकाच भाडेकरूला द्यावयाची, असा हायम्स ह्यांचा आग्रह होता. इमारत मुद्दाम रिकामी ठेवल्याचा आरोप त्यांनी नाकारला. त्यांच्या अंतःकरणाचा न्याय करणे आमचे काम नाही. कायद्याची आणि कराची रचनाच अशी होती, की बंद दार उघड्या दारापेक्षा लाभदायक ठरावे, एवढे मात्र निर्विवाद आहे.

मनोरा पुरा झाला त्याच १९६६ सालच्या नोव्हेंबरात बीबीसीने ‘कॅथी कम होम’ हे नाट्य दूरचित्रवाणीवर दाखविले. घर गमावून मुलाबाळांपासून तुटलेल्या एका तरुण आईची ती कथा पाहून सारा देश हळहळला. पुढल्याच महिन्यात ‘शेल्टर’ ही बेघरांसाठी झटणारी संस्था स्थापन झाली. अशा वेळी राजधानीच्या चौकात रात्री काळोखात उभा असलेला रिकामा मनोरा लोकांच्या डोळ्यांत खुपू लागला, ह्यात नवल नाही.

सोहोतील सेंट ॲन हे अँग्लिकन चर्च १९४० च्या बाँबहल्ल्यात जळून गेले होते; मनोरा तेवढा शाबूत राहिला होता. तेथे काम करणारे तरुण धर्मगुरू केनेथ लीच ह्यांना रोज रात्री रस्त्यांवर भटकणारी मुलेमुली दिसत. कोणी घरातून पळून आलेले, कोणी कामाच्या शोधात आलेले, कोणी अमली पदार्थांच्या आहारी गेलेले. त्यांच्यापाशी देण्यासारखे फारसे काही नव्हते. चर्चची मुख्य वास्तू नव्हती, निधी तुटपुंजा होता. होते ते एक तळघर आणि काही स्वयंसेवक. १६ डिसेंबर १९६९ रोजी ते तळघर रात्रीच्या निवाऱ्यासाठी उघडण्यात आले. तो रिकामा मनोरा म्हणजे बेघरांचा धडधडीत अपमान आहे, ही भावना तेव्हा बोलली जात होती. तिची खूण म्हणून निवाऱ्याला ‘सेंटरपॉइंट’ हेच नाव देण्यात आले.

मनोऱ्याविरुद्धचा असंतोष पुढेही वाढत गेला. कॅम्डेन नगरपरिषदेने त्या संकुलातील राहण्याची घरे सक्तीने संपादन करण्याचा प्रयत्न केला, पण तो सिद्धीस गेला नाही. १९७२ मध्ये पर्यावरण खात्याचे मंत्री पीटर वॉकर ह्यांनी रिकाम्या कचेऱ्यांविरुद्ध कायद्याचा इशारा दिला. अखेर १८ जानेवारी १९७४ रोजी जिम रॅडफर्ड, रॉन बेली, जॅक ड्रोमी आदी कार्यकर्ते मनोऱ्यात शिरले आणि त्यांनी तो ताब्यात घेतला. रविवारी, २० तारखेस, ते आपण होऊन बाहेर पडले. मोडतोड करणे हा त्यांचा हेतू नव्हता. इमारत रिकामी आहे, हे सर्वांच्या नजरेस आणणे हा होता. त्याच वर्षी संमत झालेल्या स्थानिक शासनाच्या कायद्याने वापराविना पडलेल्या व्यापारी इमारतींवर वाढत जाणारा जादा आकार बसविला.

पुढे १९८० पासून ब्रिटिश उद्योगपतींच्या महासंघाचे कार्यालय येथे आले आणि २०१४ पर्यंत राहिले. १९९५ साली मनोऱ्याला संरक्षित वारसा वास्तूचा दर्जा मिळाला. महासंघ गेल्यावर, २०१५ पासून कचेऱ्यांचे रूपांतर श्रीमंतांसाठीच्या ८२ घरांत करण्यात आले. २०१८ मध्ये काम पुरे झाले. परंतु अपेक्षित भाव मिळेना, म्हणून त्याच वर्षी सुमारे निम्मी न विकलेली घरे बाजारातून मागे घेण्यात आली. पन्नास वर्षांनंतर, चांगल्या भावाची वाट पाहत, त्याच मनोऱ्यातील खोल्या पुन्हा रिकाम्या राहिल्या. ह्याला काय म्हणावे?

ख्रिस्तसभेची शिकवण ह्या बाबतीत संदिग्ध नाही. मनोरा रिकामा असतानाच, मार्च १९६७ मध्ये, पोप पॉल सहावे ह्यांचे ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’ हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. खाजगी मालमत्तेचा हक्क ख्रिस्तसभा मान्य करते; परंतु तो निरपेक्ष नाही, इतरांना आवश्यक वस्तू दुर्मीळ असताना आपल्याला नको असलेले दडवून ठेवण्याचा अधिकार कोणासही नाही, असा त्याचा आशय आहे. पुढे १९८७ हे वर्ष बेघरांसाठीचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले गेले, तेव्हा रोमच्या न्याय व शांती आयोगाने काइनाला देवाने विचारलेल्या प्रश्नाचा धागा पकडून, तुझ्या बेघर भावाचे तू काय केलेस, असे शीर्षक देऊन स्वतंत्र निवेदन काढले.

हा प्रश्न लंडनपुरता नाही. २०११ च्या जनगणनेच्या आधारे भारत सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने नमूद केले, की मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आहेत; देशातील कोणत्याही शहरापेक्षा ही संख्या अधिक होती. भाडेकरू घर सोडणार नाही ही भीती, जुने भाडेकायदे, करार पाळले जातील की नाही ह्याची शंका, ही कारणे खरी आहेत आणि अनेक साध्या कुटुंबांनाही ती भेडसावतात. तथापि आपल्याच धर्मग्रामांतील नवविवाहित जोडपी भाड्याच्या खोलीसाठी वणवण फिरतात आणि संध्याकाळी नव्या इमारतींकडे पाहिले तर कित्येक खिडक्यांत दिवा नसतो, हेही आपण रोज पाहतो. सेंट जाइल्सच्या इतिहासावरून एवढे कळते, की हे दैवाने घडत नाही. परवानगी कोणत्या अटीवर दिली, कर कशावर लावला, अट मोडली तर पुढे काय, ह्या कोरड्या वाटणाऱ्या प्रश्नांतच त्याचे मूळ असते. म्हणून ग्रामसभेत, नगरपालिकेच्या सभेत असे प्रश्न निघाले की श्रद्धावंतांनी उठून निघून जाऊ नये.

सोहोच्या तळघरात सुरू झालेली ती संस्था आज इंग्लंडच्या अनेक भागांत बेघर तरुणांसाठी काम करते. १९९२ पासून प्रिन्सेस डायना तिच्या आश्रयदात्या होत्या. २००५ साली त्यांचे पुत्र प्रिन्स विल्यम ह्यांनी ती जबाबदारी स्वीकारली. परंतु आरंभी तिच्यापाशी कोणताही राजाश्रय नव्हता. होती ती एक मोकळी जागा, आणि ती कोणाच्या उपयोगी पडेल असा विचार करणारी माणसे. मोकळी जागा आपल्यापाशीही असते: शाळेचे सभागृह, धर्मग्रामाचे जुने घर, परदेशी गेलेल्या मुलाची कुलूपबंद खोली. मनोऱ्याच्या मालकाला दोष देऊन आपण हा लेख मिटला, तर अर्धेच वाचल्यासारखे होईल. त्या कुलपांच्या किल्ल्या आपल्याच घरात आहेत.