‘हाय खाल्ली’ म्हणजे काय?

एखादा माणूस दुखण्यातून उठत नाही, खंगत जातो, तेव्हा आपण म्हणतो, “त्याने हाय खाल्ली.” कारखान्यातील आमच्या एका सहकाऱ्याविषयी आम्हीही असेच म्हणालो होतो. हृदयविकाराचा झटका येऊन तो घरी परतला. पण जेवण तुटले, गोळ्या फळीवर तशाच राहू लागल्या. युनियनतर्फे आम्ही भेटीस गेलो आणि “मन घट्ट कर, कामावर ये,” असा उपदेश करून उठलो. दारापाशी वहिनी म्हणाल्या, “भाऊ, ह्यांना रात्र-रात्र झोप नाही.” “होईल सगळे ठीक,” असे म्हणून आम्ही जिना उतरलो. पाच महिन्यांनी त्याला खांदा दिला. आम्ही काही डॉक्टर नव्हे. परंतु त्या दिवसाची बोच आम्हांला ग्रंथालयात घेऊन गेली.

मनाचा आणि हृदयाचा संबंध वैद्यकाला नवा नाही. लंडनचे नामांकित शस्त्रवैद्य जॉन हंटर यांना छातीत कळा येत. आपल्याला डिवचणाऱ्या कोणाही हलकटाच्या हाती आपले प्राण आहेत, असे ते म्हणत. १७९३ साली सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या बैठकीत वाद झाला आणि तेथेच त्यांचा अंत झाला. पण हा झाला क्षणाच्या संतापाचा दाखला. महिनोन्‌महिने मुरणाऱ्या खिन्नतेचे काय?

त्याचा पक्का हिशेब मांडला जाण्यास पुढे दोनशे वर्षे लागली. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे नॅन्सी फ्रेझर-स्मिथ व त्यांचे सहकारी यांनी झटक्यातून वाचलेल्या २२२ रुग्णांची पाहणी १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. ज्यांना नैराश्याने ग्रासले होते, त्यांच्यापैकी सुमारे १७ टक्के सहा महिन्यांत दगावले. इतरांपैकी सुमारे ३ टक्के. हृदय किती दुबळे झाले होते, हे जमेस धरूनही फरक उरलाच.

हे घडते कसे? येथे दाहाचा विचार करावा लागतो. जखम झाली की ती लाल होते, सुजते. तसाच मंद दाह रक्तवाहिन्यांच्या आतही धुमसत असतो. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात एक द्रव्य सापडले. त्यालाच पुढे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन हे नाव मिळाले. दाह वाढला की यकृत ते अधिक बनवते. १९९७ मध्ये अमेरिकेत पॉल रिडकर यांनी दाखविले की, वरकरणी निरोगी पुरुषांतही ज्यांच्या रक्तात हे द्रव्य सर्वांत अधिक, त्यांना झटक्याचा धोका सर्वांत कमी असणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होता. नैराश्यग्रस्तांच्या रक्तातही हे द्रव्य सरासरीने अधिक आढळते. उलट, दाहाचे पदार्थ मेंदूवर परिणाम करून भूक, झोप आणि उमेद हिरावून घेतात. म्हणजे वाट दुहेरी आहे.

कोणी म्हणेल, मग खिन्नता घालवा, हृदय वाचेल! इतके ते सोपे नाही. २००३ मध्ये अमेरिकेतील २,४८१ रुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष आले. मानसोपचाराने खिन्नता उतरली. पण मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके घटले नाहीत. २०१७ मध्ये दहा हजारांहून अधिक हृदयरुग्णांवर दाहशामक इंजेक्शनाचा प्रयोग झाला. झटके काहीसे कमी झाले, पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. धागा दिसतो आहे. गाठ अजून सुटायची आहे.

मात्र एवढे निश्चित, की ‘हाय खाणे’ हा कोणाच्या स्वभावातला भेकडपणा नव्हे. ते दुखणे आहे, आणि दुखण्याला उपदेश नव्हे, उपचार लागतो. आयुष्य वाढो न वाढो, माणसाला झोप लागली, घास गोड लागला, गोळी वेळेवर घेतली गेली, हे काय थोडे झाले? आता आम्ही भेटीस जातो तेव्हा कामावर कधी येणार, हे विचारीत नाही. रात्री झोप लागते का, हे विचारतो. आणि ‘नाही’ असे उत्तर आले, तर त्याला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जातो.