मडगार्डाची रुंदी

चाकानें उडविलेला चिखल अडवावा, एवढेंच मडगार्डाचें मूळ काम. १९६० नंतर शर्यतीचे टायर झपाट्यानें रुंद होत गेले आणि जुना पत्रा त्यांना अपुरा पडूं लागला. १९७२ सालीं जर्मनीच्या पोर्शे कारखान्यानें पॅरिसच्या प्रदर्शनांत ‘कॅरेरा आर. एस. २.७’ ही गाडी मांडली. तिचीं पुढचीं चाकें ६ इंच रुंद, तर मागचीं ७ इंच. म्हणून मागचींच मडगार्डें फुगविलेलीं होतीं.

पुढें हौशी लोक जुन्या गाड्यांवर घरच्या घरींच हें काम करूं लागले. कमानीची कड कापावयाची, ती बाहेर ओढावयाची आणि पडलेली फट नव्या पत्र्यानें सांधावयाची. वेल्डिंगचे टांके दूरदूर घालावे लागतात. एके ठिकाणीं उष्णता सांचली कीं पत्रा वांकतो. आंतल्या कमानीचा सांधा उघडा राहिला, तर तेथें पाणी शिरून गंज धरतो.

कारखान्यानें आधीं चाक ठरविलें, मग पत्रा वाढविला. केवळ दिखाव्यासाठीं हा क्रम उलटा करणाराच्या हातीं फुगवटा तेवढा उरतो. कापलेला मूळ पत्रा मात्र परत येत नाहीं. करवतीच्या आधीं मोजपट्टी, हाच या इतिहासाचा बोध होय.